मोत माउलीचा डोंगर

ज्युबिलीचा सोहळा आला म्हणजे देवळास नवा रंग चढतो, वेदी फुलांनी सजते, आणि देवळाचा पाया कोणी घातला, छप्पर कधी बदलले, घंटा कोठून आली या हकीकती मोठ्या आवडीने सांगितल्या जातात. ते योग्यच आहे. आपल्या धर्मग्रामाची तशी हकीकत या स्मरणिकेत अन्यत्र आलेली असल्यामुळे आम्ही येथे तिची पुनरुक्ती करीत नाही. वाचकांस आम्ही थोडा वेळ माहीमच्या खाडीपलीकडे, बांद्र्याच्या डोंगरावर नेऊ इच्छितो. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागात असे कॅथलिक घर विरळा, की ज्यातील कोणी ना कोणी सप्टेंबर महिन्यात हातात मेणबत्ती घेऊन तो चढ चढलेले नाही. आजारातून उठलेले मूल, समुद्रावरून सुखरूप परतलेला खलाशी, लांबलेल्या संपानंतर पुन्हा मिळालेली नोकरी, या सर्वांचे आभार मानावयास आपली माणसे तेथेच जातात. परंतु ज्या देवळात आपण मेणबत्ती लावतो त्याच्यावर कोणकोणते प्रसंग गुदरले, हे आपणापैकी थोड्यांसच ठाऊक असते. ते ठाऊक झाले तर देवस्थान कशाने टिकते, या प्रश्नाचे उत्तर मिळते. आणि ज्युबिलीच्या वर्षी धर्मग्रामाने स्वतःस विचारावा असा याहून महत्त्वाचा प्रश्न दुसरा नाही.

उंच स्थानी देवस्थान

मनुष्याने देवाचा शोध नेहमी उंच जागी घेतला आहे. मोशेस आज्ञा मिळाल्या त्या सीनाय पर्वतावर. एलिया संदेष्ट्याचे यज्ञस्थान कार्मेल डोंगरावर. यरुशलेमचे मंदिर सियोनच्या टेकडीवर. आपल्या महाराष्ट्रात खंडोबा जेजुरीच्या गडावर आहे, सप्तशृंगीची देवी सह्याद्रीच्या कड्यावर आहे, आणि मुंबईच्या कोळ्यांची एकवीरा कार्ल्याच्या डोंगरावर लेण्यांच्या तोंडाशी आहे. चढताना श्वास लागतो, पाय दुखतात, आणि त्या श्रमातच अर्धी प्रार्थना होऊन जाते.

अशा डोंगरी देवस्थानांत साऱ्या जगास ठाऊक असलेले एक म्हणजे ग्रीस देशातील अथेन्स नगराचे अक्रोपोलिस होय. समुद्रसपाटीपासून सुमारे दीडशे मीटर उंचीच्या त्या सपाट माथ्याच्या खडकावर अथेन्सकरांनी आपल्या नगरदेवतेची, अथेनेची, मंदिरे बांधली होती. इ. स. पूर्वी ४८० साली इराणच्या बादशहाचे सैन्य चालून आले तेव्हा नगरातील बहुतेक लोक नौकांत बसून निघून गेले, आणि शत्रूने डोंगरावरील सर्व मंदिरे जाळून टाकली. अथेनेचा पवित्र ऑलिव्ह वृक्षही त्या आगीत जळाला. परंतु दुसऱ्याच दिवशी त्याच्या बुंध्यास हातभर नवी डहाळी फुटलेली दिसली, असे हिरोडोटस हा इतिहासकार लिहून ठेवतो. लोक परतले, जळालेल्या मंदिरांच्या स्तंभांचे दगड त्यांनी डोंगराच्या उत्तरेकडील तटात बसविले, आणि ते आजही खालून दिसतात. पुढे पेरिक्लिसच्या काळी, इ. स. पूर्वी ४४७ ते ४३२ या पंधरा वर्षांत, पार्थेनॉन हे संगमरवरी मंदिर उभे राहिले. इक्टिनस आणि कॅलिक्रेटिस हे त्याचे स्थपती, व फिडियस हा मूर्तिकार. पुढे आठ व बाजूस सतरा स्तंभ अशी त्याची रचना आहे. त्या स्तंभांचा मध्यभाग किंचित फुगीर असून ते सर्व आत झुकलेले आहेत. ज्या जोत्यावर ते उभे आहेत तेही मध्ये हलकेच उंचावलेले आहे. त्यामुळे तो अवजड दगड निर्जीव वाटत नाही.

पण या मंदिराच्या रचनेत एक गोष्ट ख्रिस्ती मनुष्याने लक्षात घेण्यासारखी आहे. ते मंदिर लोकांसाठी नव्हतेच. आत देवतेची मूर्ती आणि नगराचा खजिना. लोकांनी जमावयाचे ते बाहेर, उघड्यावरील वेदीपाशी. सुमारे इ. स. ५० मध्ये संत पौल अथेन्सला आले आणि याच डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या अरियपगाच्या खडकावर त्यांनी भाषण केले. समोर ते अप्रतिम मंदिर उभे असताना, विश्वाचा प्रभू मनुष्याच्या हातांनी बांधलेल्या मंदिरांत राहत नाही, असे त्यांनी त्या विद्वानांस सांगितले. नंतरच्या शतकांत पार्थेनॉनचे रूपांतर पवित्र मरियेच्या देवळात झाले, तेव्हा ख्रिस्ती लोकांनी प्रवेशाची दिशाच फिरविली: पश्चिमेकडून आत येण्याची वाट केली, पूर्वेकडे वेदी बांधली, आणि जेथे पूर्वी केवळ पुजाऱ्याने जावे तेथे भाविकांचा समुदाय उभा राहिला. देवाचे घर हे लोकांचेही घर झाले. १४५८ साली अथेन्स तुर्कांच्या हाती गेले व काही काळाने त्या देवळाची मशीद झाली. तेथे साठविलेल्या दारूवर १६८७ साली व्हेनिसकरांच्या तोफेचा गोळा पडून ते मधोमध फुटले. आज तेथे प्रवासी जातात, छायाचित्रे घेतात आणि परततात. दगड पुष्कळ उरले आहेत. उपासना उरलेली नाही. हे चित्र मनात ठेवून आता आपण बांद्र्यास येऊ.

बांद्र्याचे पहिले देऊळ

गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने १५३४ साली वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांस दिला, त्यात साष्टी बेट व मुंबईची बेटेही होती. साष्टीच्या दक्षिण टोकास असलेले बांद्रे हे येशूसंघीय धर्मगुरूंचे कार्यक्षेत्र झाले. किनाऱ्यावर कोळ्यांची वस्ती, आत कुणबी व इतर शेतकऱ्यांचे पाडे. यांच्यातूनच बांद्र्याची ख्रिस्तमंडळी उभी राहिली. १५७५ साली किनाऱ्याजवळ संत आंद्रेयाचे देऊळ बांधले गेले. खाडीच्या मुखावर पहारा ठेवण्यासाठी पोर्तुगीजांनी १६४० साली टोकावर किल्ला बांधला; तेथील गोड्या पाण्याच्या झऱ्यावरून, जेथे जहाजे पाणी भरीत, त्यास आग्वाद हे नाव पडले. किल्ल्याच्या वरच्या अंगास जो डोंगर आहे त्यावर येशूसंघीयांचे एक लहानसे प्रार्थनामंदिर होते, आणि त्यात पवित्र मरियेची लाकडी मूर्ती होती. समुद्रावर जाणाऱ्यास किनाऱ्याची शेवटची खूण आणि परतणाऱ्यास पहिली खूण तो डोंगर. म्हणून खलाशी, शिपाई आणि कोळी या तिघांचीही दृष्टी त्या मंदिराकडे लागलेली असे.

पोर्तुगीज लोक त्या देवळास डोंगरावरील मातेचे देऊळ म्हणत. त्यांच्या भाषेत डोंगरास 'मोंत' म्हणतात. कोळ्यांनी तो शब्द उचलला, आपल्या जिभेस सोयीचा केला, आणि त्यास आपला शब्द जोडला: 'मोत माउली'. पुढे 'मोत' म्हणजे मोती असाही अर्थ लोकांनी लावला, आणि समुद्रावर जगणाऱ्यांच्या तोंडी तो शोभतोही. परंतु आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो दुसरा शब्द. वारकरी ज्ञानोबारायांस ज्या शब्दाने हाक मारतो, त्याच शब्दाने आपल्या पूर्वजांनी प्रभूच्या मातेस हाक मारली. परदेशातून आलेली मूर्ती ज्या दिवशी माउली झाली त्या दिवशी ती या मातीची झाली.

तुटलेला हात

सतराव्या शतकाच्या अखेरीस मस्कतच्या अरबांचे आरमार पश्चिम किनाऱ्यावर प्रबळ झाले होते, आणि साष्टीतील गावांस त्याचा वारंवार उपद्रव होई. १७०० साली त्यांची एक टोळी बांद्र्यास उतरली व डोंगरावरील मंदिरात शिरली. मूर्तीच्या हातातील सोनेरी मुलाम्याची वस्तू खऱ्या सोन्याची समजून त्यांनी तो उजवा हातच तोडला. ते मंदिरास आग लावण्याच्या बेतात असताना मधमाश्यांचे मोहोळ उठले आणि लुटारूंस पळ काढावा लागला, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. या कथेचा निवाडा करण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. इतके मात्र खरे की हात तुटला म्हणून भक्तांनी मूर्तीचा त्याग केला नाही.

जखमी मूर्ती वेदीवर ठेवावयाची नाही म्हणून मधल्या काळात संत आंद्रेयाच्या देवळातील 'नाविकांची माता' ही मूर्ती डोंगरावर नेऊन ठेवण्यात आली होती. एका कोळ्यास स्वप्नात दृष्टांत झाला व त्याप्रमाणे समुद्रात तरंगत असलेली मूर्ती सापडली, अशी जी कथा कोळीवाड्यांत सांगतात ती या दुसऱ्या मूर्तीची. पुढे मूळ मूर्तीची दुरुस्ती होऊन ती आपल्या जागी परतली. म्हणजे आज आपण जिच्यापुढे गुडघे टेकतो ती माउली एकदा घायाळ झालेली आहे. गिरणीच्या साच्यात ज्यांची बोटे गेली अशी माणसे आपल्या परळ-लालबागेत पुष्कळ होऊन गेली. त्यांच्या घरच्यांनी मेणाचा हात घेऊन त्या डोंगरावर जावे, यात एक विशेष अर्थ आहे.

माहीमचा आश्रय

१७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि साष्टीचे युद्ध सुरू झाले. चिमाजी आप्पांच्या सैन्याने १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला सर केला तेव्हा पोर्तुगीजांची उत्तर कोकणातील सत्ता संपली. त्या धामधुमीत बांद्र्याचा किल्ला निकामी झाला आणि डोंगरावरील मंदिरही उद्ध्वस्त झाले. वसई भागातील देवळांच्या घंटा मराठी सरदारांनी विजयचिन्हे म्हणून नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील १७२१ सालची प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच एक होय.

या इतिहासाकडे पाहताना आपण एकच बाजू पाहू नये, असे आम्हांस वाटते. याच साष्टी बेटात, मंडपेश्वराच्या प्राचीन शैव लेण्यात, सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन संन्याशांनी देऊळ थाटले होते, आणि राज्य पालटल्यावर तेथील उपासनाही पालटली. ज्याच्या हाती तलवार त्याच्या हाती देवस्थान, असा तो काळ होता. त्यात कोणी केवळ अन्याय करणारे आणि कोणी केवळ सोसणारे नव्हते. आज शेजारधर्माने राहणाऱ्या आपणा सर्वांस ही गोष्ट मनात कटुता न ठेवता सांगता आली पाहिजे.

बांद्र्याच्या भाविकांनी त्या संकटात काय केले? मंदिराचे दगड त्यांस वाचविता आले नाहीत. त्यांनी माउलीची मूर्ती उचलली आणि खाडी ओलांडून माहीमास संत मिखाएलाच्या देवळात आणली. खाडी अरुंद होती, परंतु तिच्या दोन तीरांवर दोन राज्ये होती. १६६५ पासून माहीम इंग्रजांच्या ताब्यात होते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, आपल्या गावातून परक्या गावात, माउली शरणार्थी म्हणून आली. मिसर देशास पळून गेलेल्या पवित्र कुटुंबाची आठवण येथे कोणास होणार नाही?

१७३९ पासून १७६१ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, माउली माहीमास राहिली. बावीस वर्षे म्हणजे एक पिढी. जे मूल त्या वर्षी जन्मास आले ते माउली परत जाताना संसारास लागलेले असेल. त्याने डोंगरावरचे देऊळ कधी पाहिलेलेच नव्हते. तरी बांद्र्याने आपला हक्क विसरला नाही, आणि माहीमने तो नाकारला नाही. इतकी वर्षे आपल्या छपराखाली राहिलेली, स्वतःच्या लोकांचीही लाडकी झालेली मूर्ती त्यांनी परत जाऊ दिली. आश्रय देणे हा एक मोठेपणा. आश्रयास आलेल्यास त्याच्या घरी परतू देणे हा दुसरा. माहीमचे ते देऊळ १५३४ साली स्थापन झालेले. आजची त्याची इमारत १९७३ सालची आहे. बुधवारच्या नोव्हेनास, जी १९४८ साली सुरू झाली, तेथे सर्व धर्मांचे लोक रांगा लावतात. ज्या देवळाने एकदा शरणार्थी मातेस जागा दिली तेथे आजही कोणास परके वाटत नाही, हे पाहून आम्हांस आश्चर्य वाटत नाही.

पुन्हा डोंगरावर

१७६०-६१ च्या सुमारास डोंगरावरील मंदिर पुन्हा बांधले गेले आणि माउली परतली. येथे एक गोष्ट वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावी. त्या वेळी बांद्रे मराठ्यांच्याच राज्यात होते. इंग्रजांनी साष्टी घेतली ती १७७४ च्या अखेरीस. म्हणजे ज्या राज्याच्या चढाईत मंदिर पडले, त्याच राज्यात ते पुन्हा उभे राहिले. ना पोर्तुगालचा राजा पाठीशी होता, ना किल्ल्यावर तोफा होत्या, ना येशूसंघीयांची सत्ता उरली होती. उरले होते ते बांद्र्याचे कोळी, शेतकरी व त्यांचे धर्मगुरू. आमच्या मते मोत माउलीच्या इतिहासातील सर्वात तेजस्वी पान हेच होय. कारण या वेळी देऊळ बांधले ते केवळ लोकांच्या श्रद्धेने.

पुढे येण्याजाण्याची साधने वाढली. माहीम व बांद्रे यांमधील खाडीत होड्या बुडून माणसे दगावत. तेथे रस्ता व्हावा म्हणून सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले, आणि १८४५ साली तो रस्ता खुला झाला. १८६७ साली विरारहून बॅकबेपर्यंत आगगाडी धावू लागली, तेव्हा गिरगावच्या यात्रेकरूसही एका दिवसात जाऊन येणे सोपे झाले. डोंगराच्या उतरणीवरील जुना दगडी जिना बोमनजी या पारशी गृहस्थाच्या नावाने ओळखला जातो. पारशी बाईने खाडी ओलांडून दिली, पारशी गृहस्थाचे नाव पायऱ्यांस लागले. माउलीच्या वाटेवर परधर्मीयांचे हे उपकार आपण विसरू नयेत.

आजची इमारत

सध्याचे देऊळ १९०४ साली पूर्ण झाले. शापूरजी चांदाभॉय या मुंबईच्या स्थपतीने त्याचा आराखडा केला. नावावरून तोही पारशीच. खर्च सुमारे एक लाख रुपये आला. १८९६ साली शहरात शिरलेला प्लेग अजून हटलेला नव्हता, गिरगाव-माझगावच्या वाड्यांतून लोक क्रुसांपुढे रोज जपमाळ म्हणत होते, अशा काळात लोकांनी ती रक्कम उभी केली, हे विशेष. त्या काळी साष्टीतील पुष्कळशी देवळे दमणच्या धर्मप्रांताखाली होती. ती मुंबईच्या महाधर्मप्रांतास जोडली गेली १९२८ साली.

इमारतीची धाटणी गॉथिक वळणाची आहे. टोकदार कमानी, दर्शनी बाजूस दोन मनोरे, त्यांवर आकाशाकडे निमुळती होत जाणारी शिखरे, आणि पुढे दोन अंगांनी चढून जाणाऱ्या पायऱ्या. ही शैली मूळची युरोपातील. परंतु तोवर मुंबईने ती आपलीशी केली होती. विद्यापीठ, उच्च न्यायालय, बोरीबंदरचे स्थानक या इमारती एकोणिसाव्या शतकातच उभ्या राहिल्या होत्या, आणि माउलीचे देऊळ बांधले जात असतानाच कुलाब्याच्या वाटेवर पवित्र नामाचे देऊळ गॉथिक पद्धतीनेच उठत होते. ते १९०५ साली पूर्ण झाले.

अथेन्सच्या मंदिराशी याची तुलना करून पाहावी. तेथे स्तंभ बाहेर आहेत आणि सौंदर्य बाहेरून पाहावयाचे. येथे स्तंभ आत आहेत आणि आत शिरल्याशिवाय देवळाचा अर्थ कळत नाही. ग्रीक मंदिराची रेषा आडवी, पृथ्वीवर शांतपणे बसलेली. गॉथिक देवळाची रेषा उभी, वर उचलणारी. तेथे गाभाऱ्याचा दरवाजा लोकांस बंद. येथे दरवाजापासून वेदीपर्यंत मधली वाट सरळ जाते, आणि त्या वाटेवरून कोळीण, कारकून, गिरणीकामगार व डॉक्टर एकाच रांगेत माउलीपुढे येतात. डोंगर चढून आलेल्या मनुष्यास वेदीपर्यंत आणावयाचे, हे एकच काम त्या सर्व दगडांस दिलेले आहे, आणि ते त्यांनी शंभरांहून अधिक वर्षे इमानाने केले आहे. १९५४ साली, मरियेच्या सन्मानार्थ पाळल्या गेलेल्या वर्षात, बाराव्या पायस पोपमहाशयांनी या देवळास बॅसिलिकाचा मान दिला.

जत्रा

८ सप्टेंबर हा मरियेच्या जन्माचा सण. त्यापूर्वी नऊ दिवस नोव्हेना होतो आणि सणानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते. चढावर दोन्ही बाजूंस मेणाच्या वस्तूंची दुकाने लागतात: हात, पाय, डोळे, बाळ, घर. ज्यास जे हवे किंवा ज्याचे जे बरे झाले ते मेणात घडविलेले घेऊन तो वर जातो. खाजे आणि चणे घेऊन खाली उतरतो. रांगेत निम्म्याहून अधिक लोक कोणत्या धर्माचे आहेत, हे कोणी विचारीत नाही.

२०२० व २०२१ या दोन वर्षी महामारीमुळे ही जत्रा भरली नाही. आमच्या धर्मग्रामातील वृद्ध माणसे त्या सप्टेंबरात घरातल्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून बसत. देऊळ जागच्या जागी उभे होते, माउली वेदीवर होती. वाट मात्र रिकामी होती. पुढे वाट मोकळी झाली आणि लोक पुन्हा चढले. माणसे हे देवळाचे भूषण नसून श्वास आहेत, हे त्या दोन वर्षांनी आपणांस शिकविले.

आमच्या धर्मग्रामास

आता वाचक विचारतील की आपल्या ज्युबिलीशी या सर्वाचा संबंध काय. संबंध अगदी निकटचा आहे.

आपल्या भागातील जुनी देवळेही कमी हललेली नाहीत. कवेलच्या आशामातेचे देऊळ मूळ ज्या मैदानावर होते ते इंग्रजांनी अठराव्या शतकात किल्ल्यासमोर मोकळी जागा हवी म्हणून पाडले. क्रॉस मैदान हे नाव मागे राहिले आणि मंडळी भुलेश्वरास गेली. माझगावचे १६३२ सालचे ग्लोरिया देऊळ १९११ साली पाडले गेले व भायखळ्यास नवे उभे राहिले. दादरचे १५९६ सालचे देऊळ १९७० नंतरच्या दशकात चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्याने संपूर्ण नव्या रूपात बांधले गेले. यांतील एकाही ठिकाणी मिस्सा थांबली नाही.

परंतु आज हलत आहेत ती देवळे नव्हेत, माणसे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि परळ-लालबागचे भोंगे एकेक करून कायमचे मुके झाले. चाळींच्या जागी मनोरे आले. सावंतवाडीकडून, वसईकडून, घाटावरून येऊन ज्यांनी हा धर्मग्राम उभा केला, त्यांची मुले-नातवंडे आज नालासोपारा, विरार, कल्याण, डोंबिवली येथे राहतात. आमच्या बाप्तिस्म्याच्या वहीत जी आडनावे पानोपान दिसतात, त्यांपैकी कित्येक रविवारच्या मिस्सेत आता ऐकू येत नाहीत. मराठी मिस्सेस किती लोक येतील, याची काळजी दर आठवड्यास आम्ही करतो. उत्सवाच्या गडबडीत ही गोष्ट बोलू नये, असे काही हितचिंतकांचे मत आहे. आम्हांस वाटते की ज्युबिली हीच ती बोलण्याची वेळ.

मोत माउलीचा इतिहास याबाबत दोन गोष्टी सांगतो. पहिली, जे दूर गेले त्यांच्यासाठी: डोंगर सोडावा लागला तर माउली बरोबर न्या. बांद्र्याच्या लोकांनी दगड मागे टाकले, पण मूर्ती टाकली नाही. तुम्ही जेथे गेलात तेथल्या देवळात आपली जपमाळ, आपली गीते, आपली मराठी प्रार्थना घेऊन जा. लाजून ती पेटीत ठेवू नका. मुलांस सांगा की आपण कोठून आलो. बावीस वर्षे डोंगर न पाहिलेल्या पिढीने डोंगरावर पुन्हा देऊळ बांधले, ते केवळ घरात कोणी तरी ती हकीकत सांगत राहिले म्हणूनच.

दुसरी, जे येथे राहिलो त्यांच्यासाठी: आपण माहीम व्हावयाचे आहे. नव्या मनोऱ्यांत नवी माणसे येत आहेत. काही केरळची, काही मंगळूरची, काही गोव्याची, काही इंग्रजीखेरीज दुसरे न बोलणारी. मिस्सेनंतर दारात उभे राहून त्यांस नाव विचारण्यास पैसा लागत नाही, समिती लागत नाही. आपल्या बाकावर कोणी नवखा येऊन बसला तर कपाळास आठी न घालता सरकून जागा द्यावी. ज्या देवळात परक्यास जागा नाही त्याची इमारत कितीही सुंदर असो, ते अथेन्सच्या खडकावरील मंदिरासारखे केवळ पाहावयाचे स्थान होऊन बसते.

संत पौलांच्या त्या भाषणाचा अर्थ आम्ही असा समजतो. देव दगडात मावत नाही. म्हणून दगडांस फेकून द्यावयाचे असे नव्हे, तर त्यांस माणसांच्या सेवेस लावावयाचे. आमच्या देवळाच्या भिंती रंगवून झाल्या आहेत, आणि ज्यांनी श्रम व पैसा दिला त्यांचे आम्ही मनःपूर्वक आभार मानतो. आता येत्या सप्टेंबरात धर्मग्रामातील प्रत्येक घराने एक गोष्ट करावी, अशी आमची विनंती आहे. जे दूर राहावयास गेले त्या आपल्या एका तरी कुटुंबास निरोप धाडावा, आणि शेजारच्या एका तरी नव्या कुटुंबास बरोबर घ्यावे, आणि सर्वांनी मिळून तो चढ चढावा. एकदा शरणार्थी झालेली, एकदा हात गमावलेली, आणि तरी आपल्या लोकांकडे परतलेली माउली आपली गाऱ्हाणी ऐकून घेईल. तिच्या पुत्राचा आशीर्वाद या धर्मग्रामातील जवळच्या व दूरच्या सर्व लेकरांवर अखंड राहो, हीच आमची प्रार्थना.